रिस्क बघून कॅन्सर स्क्रीनिंग म्हटलं की फॅमिली डॉक्टर गप्प का होतात?

मीरा_४१:
मला काही त्रास नाही, पण आत्याला ४७व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. वाचलं की आता सगळ्यांना एकाच वयापासून मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) सांगण्यापेक्षा प्रत्येकीची रिस्क काढून कुणी कधी आणि किती वर्षांनी करायची ते ठरवता येतं. फॅमिली डॉक्टरांना विचारलं तर "आईला, बहिणीला आहे का? नाही ना, मग कशाला टेन्शन घेता", विषय संपला. यांचा यावर विश्वास नाहीये की यांना वेळ नाहीये?

साधा_जीपी:
मीराताई, मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरच आहे. रिस्क जास्त असलेल्यांच्या टेस्ट लवकर सुरू करायला आम्ही एका पायावर तयार असतो, वडिलांना ४५ला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर मुलाची कोलोनोस्कोपी ३५ला, हे आम्ही आधीपासून करतोच. अडतं ते उलट्या बाजूला. "तुमची रिस्क कमी आहे, पुढची मॅमोग्राफी उशिरा केली तरी चालेल" हे तोंडातून निघत नाही, कारण उद्या त्याच बाईला गाठ निघाली तर जाब रिस्क काढणाऱ्या कॅल्क्युलेटरला नाही, मला विचारणार. वेळेचं म्हणाल तर पाळी कधी सुरू झाली, पहिलं मूल कधी, बायोप्सी झालीय का, दोन्हीकडच्या नातेवाइकांची वयं, हे सगळं गर्दीच्या ओपीडीत कधी भरायचं?
आत्याचं मात्र सोडू नका. बीआरसीए जीनमधला दोष (याने ब्रेस्ट कॅन्सरची रिस्क खूप वाढते) वडिलांकडूनही येतो, आणि नेमकी तीच बाजू विचारायची राहून जाते.

शंकेखोर:
डॉक्टर कचरतात ते बरंच आहे की. ब्रेस्ट कॅन्सर होणाऱ्या बहुतेक जणींच्या जवळच्या नात्यात कुणालाच नसतो. आणि ते पॉलिजेनिक स्कोर, म्हणजे जीन्समधले बरेच छोटे फरक मिळून काढलेली रिस्क, मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांच्या डेटावर बनलेत, बाकीच्यांना ते तितकेसे लागू पडत नाहीत.

आकडेमोड:
मग फुप्फुसाचं कसं चालतं? अमेरिकेत २०२१पासूनची शिफारस वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, म्हणजे रोज एक पाकीट धरलं तर २० वर्षं सिगारेट, आणि अजून ओढत असाल किंवा सोडून १५ वर्षं झाली नसतील तरच दरवर्षी लो-डोस सीटी (कमी रेडिएशनचा छातीचा स्कॅन). ही रिस्क बघूनच आहे ना, तिथे कुणी कुरकुरत नाही.

साधा_जीपी:
कारण तिथे कुणाला आधी मिळत असलेली टेस्ट बंद करावी लागली नाही हो! मॅमोग्राफीत करावी लागते. कमी रिस्कवालीला जास्त टेस्ट म्हणजे खोटा पॉझिटिव्ह (कॅन्सर नसताना संशय), मग बायोप्सी, मग रिपोर्ट येईपर्यंत झोप उडालेली, हे समजावून सांगायला शांतपणे बसावं लागतं, "करून टाका" म्हणणं सोपं.

मीरा_४१:
आत्याचे रिपोर्ट मिळतील बहुतेक. रिस्क काढायचं ते ऑनलाइन कॅल्क्युलेटर, कॅनरिस्क, मीच घरी भरून नेऊ का?

साधा_जीपी:
ते डॉक्टरांसाठी बनवलंय, तुम्ही फक्त दोन्ही घरांचा कागद करा, कुणाला कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी. आणि जेनेटिक काउन्सेलरसाठी (घराण्यात चालत येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणारे) चिठ्ठी मागा. आत्या तयार असेल तर जीन टेस्ट आधी तिची, तुमची नंतर.