आत्तेभावावर खुनाचं 103 लागलंय, कलम बदलून मिळतं का?

गूळवाला दिवाणजी
मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. आत्तेभाऊ 21 वर्षांचा, पिकअप चालवायचा. दोन महिन्यांमागं रात्री नाकाबंदीत हवालदारांनी बॅटरी दाखवून थांबायला सांगितलं, ह्यानं गाडी तशीच घातली. लायसन नव्हतं आणि थोडी घेतलेली होती, बाकी काय कारण न्हाई. हवालदार चौथ्या दिवशी दवाखान्यात वारले. पोरगं कळंबा जेलमध्ये आहे.

आत्तीचं एकच पालुपद, "अपघात झाला ओ, मुद्दाम न्हाई." पिकअप मी बघितली. बंपरचा डावा कोपरा आत गेलाय. डॅशबोर्डवर नुसती टेकवून ठेवलेली अंबाबाईची फ्रेम मात्र जागची हललेली नाही. ब्रेक मारला असता तर पडली असती की, असं सारखं डोक्यात येतं.

जामीन होईल का? आणि आत्ती म्हणते, हवालदारांच्या घरी जाऊन दोन लाख देऊन येऊ.

बावड्याचा वकील
पोलीस गेला म्हणून खुनाला वेगळं कलम नाही. 103 सगळ्यांना तेच, फाशी किंवा जन्मठेप. सोबत 132 लावलं असेल, ड्युटीवरच्या सरकारी नोकरावर हल्ला, म्हणजे जुन्या कायद्यातलं 353. घरच्यांना 106 पाहिजे असतं, निष्काळजीपणा, जास्तीत जास्त 5 वर्षं. मध्ये 105 आहे, सदोष मनुष्यवध. भांडण तिथंच होणार. हवालदार दिसले होते का, स्टिअरिंग कुठं वळवलं, रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा आहेत का, नंतर थांबला की पळाला, हे बघतात. फ्रेमवर कोर्ट चालत नाही, पण जे बघितलंत ते वकिलाला सांगायचं, इथं लिहायचं नाही.

जामिनाला आधी सेशन. तिथं फेटाळला तर हायकोर्ट. 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात आहे, नाहीतर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठावी लागायची. 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण पोलिसाच्या केसमध्ये त्या आशेवर राहू नका. पैशाचं तर मनातसुद्धा आणू नका. खुनात तडजोड नसते, उलट साक्षीदार फोडायला गेले म्हणून जामीन अडकेल.

पोलीस लाइनमधली
वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी घरातलं सांगते. बाबा हवालदार होते, नाकाबंदीला कायम. 2016 ला मुंबईत खारला ट्रॅफिकचे हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट नाही म्हणून पोराला अडवलं, तेवढ्यावरून त्यांना मारलं, आठवड्यानं ते गेले. साताऱ्याकडचे, म्हणजे आपल्याकडचेच. त्या दिवसांत आई बाबांच्या डब्यात चपात्या भरायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "पुढं नका होऊ, नंबर लिहून घ्या आणि सोडा." बाबा हसायचे, तिला काय हसू यायचं नाही.

दादा, तुमच्या आत्तीचं दुःख खरं आहे. पण पैशाची पिशवी घेऊन त्या हवालदारांच्या घरच्या बाईच्या दारात उभं राहू नका. "अपघात" हा शब्द तर तिच्यासमोर अजिबात नको.

गूळवाला दिवाणजी
वकीलसाहेब, शनिवारी कागद घेऊन येतो. फ्रेमचं लिहायला नको होतं, पुसायचं कसं ते कोणीतरी सांगा.

ताई, तुमचं आत्तीला वाचून दाखवलं. पैसे परत ट्रंकेत ठेवले तिनं. मग विचारलं, त्यांची पोरं केवढी आहेत? मला माहीत नव्हतं.