'प्रिन्सेस ऑफ चायना'त कोल्डप्ले आहे कुठे?

तारवेडा, रावपुरा
जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड अहमदाबादला येऊन गेला, तेव्हापासून बडोद्यातल्या पोरांच्या तोंडी तेच नाव आहे. आनंद आहे. पण गायिका रिहानासोबतचं 'प्रिन्सेस ऑफ चायना' हे त्यांचं उत्तम गाणं असं कुणी म्हणालं की राहवत नाही. 2011 च्या 'मायलो झायलोटो' अल्बममधलं हे गाणं 2012 मध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, आलं. त्यात बँडच्या जॉनी बकलंडची गिटार ऐकायला कान ताणावे लागतात. सगळीकडे सिंथच (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) भरलेला.

मला इलेक्ट्रॉनिकचं वावडं नाही. 2005 चं 'टॉक' ऐका. क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या 1981 च्या 'कॉम्प्युटर लव्ह'मधली सिंथची धून त्यांनी परवानगी मागून घेतली आणि बकलंडने ती गिटारवर वाजवली. यंत्रातली धून बोटांत आली! इथे मात्र बँडच यंत्रात गेला, आणि ते झाकायला मोठ्या नावाची पाहुणी बोलावली.

सूरसागरकर
साफ असहमत. 'व्हिवा ला व्हिडा' (2008) आवडतं ना? त्या गाण्याचा सगळा डोलारा व्हायोलिन-चेलोवर आहे, ड्रमर विल चॅम्पियन टिंपनी (मोठे नगारे) आणि घंटा वाजवतो. तिथे गिटार कुठे शोधलीत? इलेक्ट्रॉनिक आवाजांसाठी ओळखला जाणारा निर्माता ब्रायन ईनो तेव्हापासून त्यांच्यासोबत होता, म्हणजे 2011 मध्ये हे आभाळातून पडलेलं नाही.

तारवेडा, रावपुरा
घंटा वाजवणारा माणूस बँडमधलाच आहे की! माझं म्हणणं तेवढंच.

ऑक्टापॅडवाली
दादा, मी नवरात्रात गरब्याला ऑक्टापॅड वाजवते. ढोलाचा आवाज पॅडमधून येतो म्हणून वाजवणारी नाहीशी होत नाही. काठी हलकी पडली तर आवाज हलका, ताल सरकला की खेळणाऱ्यांचे पाय लगेच सांगतात.

आणि पाहुणीबद्दल. पहिलं कडवं बँडचा गायक क्रिस मार्टिन गातो, दुसरं रिहाना. मोडलेल्या नात्याची एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी येते. क्रिसने दोन्ही कडवी गायली असती तर ते एकट्याचं रडगाणं झालं असतं. त्याचा आवाज वर जाताना पातळ होतो. तिचा खालच्या पट्टीतही धारदार राहतो. तिच्या कडव्यात राग ऐकू येतो, तो क्रिसच्या गळ्यात नाही. नावासाठी बोलावलं हे म्हणणं तिच्यावर अन्याय करणारं आहे.

दांडिया बाजारचे काका
मी ख्याल ऐकणारा माणूस, नातीमुळे हे गाणं ऐकलं. आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीवर बंदी घातली होती. कारण काय, तर परदेशी वाद्य, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) निघत नाही. मींडेचा मुद्दा खरा होता, तरी पेटीवाचून मैफल अडायची ती अडायचीच. वाद्य कोणतं यावर भांडू नका. आवाजाला जागा मिळते का, ते बघा. या गाण्यात मला ती कमी वाटली. दोघांच्याही आवाजावर सिंथ चढून बसतो.

तारवेडा, रावपुरा
काका, हेच नेमकं! ताई, तुमचा आवाजाचा मुद्दा मान्य, रिहाना सुरेखच गायली आहे. पण तिचा राग ऐकू यायला मागे मोकळी जागा हवी होती. 2015 च्या अल्बममधल्या 'हिम फॉर द वीकेंड'मध्ये गायिका बियॉन्से आहे. तिथेही इलेक्ट्रॉनिक थर आहेतच, पण पियानो वाट करून देतो. मग आधीच्या गाण्यात ते का नाही जमलं?

ऑक्टापॅडवाली
कारण तिथे बियॉन्से साथीला आहे आणि इथे रिहाना बरोबरीने भांडते आहे. भांडणात वाट कोण करून देतं? मागे आइसलँडच्या सिगुर रोस बँडच्या 'टाक'चा तुकडा आहे, त्यावर हे सिंथ चढतात. ती गर्दी मुद्दाम आहे. 2012 च्या लंडन पॅरालिम्पिकच्या समारोपात दोघांनी हे स्टेजवर गायलं होतं, ते बघा. अख्खा बँड तिथे वाजवतोय.

तारवेडा, रावपुरा
स्टेजवर वाजवणारच. मी रेकॉर्डबद्दल बोलतोय. लोकांच्या हाती सिंगल म्हणून तेच पडलं, आणि त्यात बकलंड मला अजून सापडलेला नाही.