गल्ली, पेठ, चौफुली : खानदेशातील रस्त्यांची नावे

पृच्छा : धुळ्यातील ‘गल्ली नंबर ४’ हा पत्ता औपचारिक लेखनात ‘पथ क्रमांक ४’ असा लिहावा काय? गल्ली म्हणजे अरुंद बोळ, असाच अर्थ आपण सहसा घेतो. येथील गल्ल्या मात्र सरळ आणि लांब आहेत.

उत्तर : कृपया तसे लिहू नये. ‘गल्ली’ हा शब्द धुळ्यात रुंदी सांगत नाही, आखणी सांगतो. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले, दूरदूरच्या गावांहून कारागीर आणवले आणि बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा देऊ करून जुन्या गावाशेजारी नवे धुळे आखून वसवले. अशा आखलेल्या वस्तीत रस्ता आधी येतो आणि रहिवासी मागाहून येतात. त्यामुळे कोणा जातीच्या, धंद्याच्या किंवा देवळाच्या नावाने ओळखला जाण्यापूर्वीच त्याला क्रमांक मिळू शकतो. पुण्यातील तांबट आळी तांबटांनी घडवली. धुळ्याची चौथी गल्ली तिसरीनंतर येते, एवढेच तिचे नाव सांगते आणि नवख्या माणसाला तेवढे पुरते. ‘पथ’ लिहिल्याने पत्ता भारदस्त दिसेल, पण तेथे राहणारा माणूस तो ओळखणार नाही, आणि माझ्या मते पत्त्याच्या शब्दाची खरी कसोटी तीच आहे.

रस्ता जिकडे जातो त्या गावाचे नाव त्याला देण्याची रीतही येथे पक्की आहे. आग्रा रोड, पारोळा रोड, साक्री रोड ही धुळ्यातील नावे तशीच पडली. अमळनेरात ‘धुळे रोड’ आहे. धुळ्यात त्या नावाला अर्थच उरला नसता. म्हणून असे नाव लिहिताना शहराचा उल्लेख गाळू नये.

पुरवणी : जळगावचा नमुना वेगळा असल्याने त्याची भर घालतो. तेथे नवी पेठ, बळीराम पेठ, पोलन पेठ अशी नावे आढळतात. ‘पेठ’ म्हणजे बाजाराची वस्ती. कन्नड ‘पेटे’ आणि तमिळ ‘पेट्टै’ हे तिचे सगोत्र शब्द होत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६० नंतरच्या वर्षांत, कापसाच्या व्यापाराने वाढलेल्या या गावाला तो शब्द शोभूनही दिसतो. पोलन हे इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आहे, परंतु ते मराठी उच्चारात इतके मुरले आहे की ‘पोलनपेठेत जाऊन येतो’ म्हणणाऱ्याला त्यात परके काही जाणवत नाही. रथ चौकाचे नाव कार्तिकी एकादशीला निघणाऱ्या श्रीरामाच्या रथावरून पडले.

‘चौक’ आणि ‘चौफुली’ यांतील भेदही नोंदवण्याजोगा आहे. चौक गावाच्या आत असतो. त्याच्याभोवती दुकाने असतात, माणसे थांबतात. चौफुली बहुधा गावाच्या कडेला, हमरस्त्यावर असते आणि तेथून वाहने चार दिशांना फुटतात. जळगावची अजिंठा चौफुली हे त्याचे ठळक उदाहरण. ‘फाटा’ हा तिला पर्याय नव्हे, कारण फाट्यावर एकच रस्ता मुख्य रस्त्याला सोडून निघतो. शासकीय फलकांवर या तिन्हींसाठी सरसकट ‘चौक’ लिहू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.