पूर्ण वर्गाचा व्हिडिओ: तो २५ कुठून आला?

प्रश्न
नमस्कार मंडळी. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायचा व्हिडिओ केलाय, २२ मिनिटांचा. स्लाइडवर क्ष² + १०क्ष = ३९ हे अख्खं उदाहरण छापलेलं, वरून माझा आवाज. चूक एकही नाही. तरी भाची विचारते, "मामा, तो २५ मध्येच कुठून टपकला?" अहो, मी सांगितलं होतं की! क्ष च्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवायचा. आता काय, ॲनिमेशन शिकू?

उत्तर १
भाचीचं बरोबर आहे. २५ कसा काढायचा ते सांगितलंत, का लागतो ते राहिलं.

हेच उदाहरण नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने चौरस काढून उलगडलंय. क्ष बाजूचा चौरस काढा. १०क्ष चे ५ × क्ष असे दोन आयत करा. एक उजवीकडे चिकटवा, एक खाली. कोपऱ्यात ५ × ५ ची खाच उरते. इथे गप्प बसा. चांगले चार सेकंद. (मला हे जमायला वर्ष लागलं, शांतता झाली की मी घाबरून काहीतरी बोलायचोच.) २५ बघणाऱ्याच्या तोंडून येऊ दे. मग ३९ + २५ = ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, क्ष = ३.

ॲनिमेशन राहू दे. कागद, जाड पेन, वर मोबाइल. आणि लिहिलेली ओळ कॅमेऱ्याबाहेर सरकवू नका, नजर पुन्हापुन्हा तिथेच जाते.

उत्तर २
आकृती झकास, पण तिच्यातून दुसरं उत्तर, −१३, निघत नाही, लांबी ऋण कशी असेल? (क्ष + ५)² = ६४ लिहून ±८ दाखवाच. नाहीतर पोरं एकच उत्तर लिहून मोकळी होतात.

उत्तर ३
२२ मिनिटं?! एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या व्हिडिओंचा २०१४ सालचा अभ्यास आहे: सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक सर्वात जास्त टिकून बघतात. नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत शिकवलेलंही जास्त बघितलं जातं.

प्रश्नकर्ता
कागदावर केला, साडेपाच मिनिटांत बसला. −१३ वेगळ्या व्हिडिओत घेतोय. चार सेकंद काही जमले नाहीत, दोनच. पण भाची "पंचवीस" म्हणाली! फक्त हाताची सावली नेमकी त्या खाचेवर पडतेय. दिवा कुठे ठेवता?

उत्तर १
डावीकडे, जरा उंचावर. डावखुरे असाल तर उजवीकडे.