लसावि-मसावि: अवयव सापडत नसतील तर

३२३ आणि ३९१ चा मसावि (दोन्हींना पूर्ण भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या) काढताना लेक अडकते, २, ३, ५, ७ कशानेच भाग जात नाही, असं कोथरूडच्या एका ताईंनी लिहिलंय. ताई, अवयव शोधत बसूच नका, भागाकार पद्धत वापरा. ३९१ ला ३२३ ने भागा, बाकी ६८. ३२३ ला ६८ ने, बाकी ५१. ६८ ला ५१ ने, बाकी १७. ५१ ला १७ ने पूर्ण भाग जातो. मसावि १७! दोन्ही संख्यांना भागणारी संख्या बाकीलाही भागतेच, हे कारण तिला जरूर सांगा, नुसती रीत नको. लसावि (दोन्हींनी पूर्ण भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) मग सोपा: ३९१ ÷ १७ = २३, गुणिले ३२३, म्हणजे ७४२९. मात्र ‘लसावि × मसावि = संख्यांचा गुणाकार’ हे दोनच संख्यांसाठी; तीन संख्यांना सरसकट लावू नका, शिष्यवृत्तीची मुलं तिथेच मार्क घालवतात.