बायबलमधली नावं घेऊन केलेला उपहास: धार की आडोसा?

तिरकसतात्या:
इंग्रज कवी ड्रायडनची उपहासकविता 'अब्सलम अँड अकिटोफेल' (१६८१) परत वाचायला घेतली आणि दीडशे ओळींत दमलो. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स म्हणजे बायबलातला राजा दावीद, त्याचा अनौरस मुलगा मॉनमथ म्हणजे दावीदाचा मुलगा अबशालोम, त्याला फूस लावणारा राजाचा विरोधक शाफ्ट्सबरी म्हणजे अबशालोमचा सल्लागार अहिथोफेल. फ्रान्स म्हणजे मिसर, कॅथलिक म्हणजे यबूसी, यरुशलेमचे जुने रहिवासी. कविता वाचायची की शब्दकोडं सोडवायचं? माझ्या मते हा निव्वळ आडोसा. कविता छापली निनावी, वर पात्रांची नावंही उसनी. शिवी द्यायची तर तोंडावर द्या की!

वसईची_पोर:
तात्या, कोडं तुम्हाला. तेव्हाच्या लंडनकराला या गोष्टी लहानपणापासून पाठ. आपण कुणाला 'शकुनी' म्हटलं तर खाली तळटीप देतो का? आणि शकुनी म्हटलं की फासे आले, मागोमाग कुरुक्षेत्र आलं. अबशालोम बापावर उलटला, पळताना झाडात डोकं अडकलं, लोंबकळत असतानाच दावीदाच्या सेनापतीने, यवाबाने, भोसकला. अहिथोफेलने गळफास घेतला. ड्रायडन ही मरणं लिहीत नाही, अलीकडेच थांबतो. नावातच शेवट आहे ना! शाफ्ट्सबरी तेव्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता, हेही धरा.

तिरकसतात्या:
आणि सुटला! कविता नोव्हेंबरात आली, त्याच महिन्यात ग्रँड ज्युरीने खटला उभाच राहू दिला नाही. पुढच्या वर्षी सेटल नावाच्या कवीने उलट कविता लिहिली, त्यात अबशालोम कोण, तर राजाचा भाऊ जेम्स. टोपी कुणालाही बसते. ड्यूक बकिंगहॅमवरच्या ओळी घ्या, कवितेत तो 'जिम्री': एका महिन्यात रसायनी, सारंगीवाला, मुत्सद्दी नि विदूषक. 'जिम्री' खोडा, तरी ओळ तेवढीच चावते.

खडीसाखर:
खोडून बघा, बाई गायब होईल. बायबलात गाजलेले जिम्री दोन. एक धन्याला मारून सात दिवस राजा झाला, दुसरा परक्या बाईपायी जिवाला मुकला. बकिंगहॅमचं श्रूझबरीच्या काउंटेसशी प्रकरण, तिचा नवरा १६६८ मध्ये त्याच्याशी द्वंद्वात घायाळ होऊन पुढे दगावला. ओळींत अवाक्षर नाही, सगळं नावावर सोडलंय.
आणि टोपी कुणालाही बसते म्हणता? या कवितेचा १६८२ चा दुसरा भाग बराचसा नेहम टेट या कवीचा, पण त्यातला 'ओग' ड्रायडनचा. ओग म्हणजे ड्रायडनचा वैरी कवी शॅडवेल, देहाने अगडबंब. मराठी बायबलात 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे, त्यातलं ३:११ काढा. बाशानचा राजा ओग, पलंग लोखंडी, नऊ हात लांब. नुसतं 'जाड्या' म्हणणं वेगळं, पलंगाचं माप देणं वेगळं.

वसईची_पोर:
एका जागी मात्र मी तात्यांकडून. चार्ल्सची राणी कॅथरीन, जिच्या लग्नाच्या तहात (१६६१) पोर्तुगीजांनी मुंबई आंदण दिली, तिला ड्रायडन मीखल, म्हणजे दावीदाची बायको, करतो. दोघी निपुत्रिक, जुळतं. पण मीखलने नाचणाऱ्या दावीदाला हिणवलं आणि तिला मरेपर्यंत मूल झालं नाही, अशी ती गोष्ट. कॅथरीनने कुणाला काय हिणवलं होतं? नवऱ्याच्या ठेवलेल्या बायका डोळ्यांसमोर वावरत असताना नांदली बिचारी. नाव चिकटवलं नि दोषही तिच्याच पदरात.

तिरकसतात्या:
ही कसली माझी बाजू? एवढं लागतं म्हणजे आडोसा नव्हेच, असं माझ्याकडूनच वदवून घेताय. असो. पलंगाचं बघतो. अनुवाद कितवा म्हणालात?