मदत हवी आहे: सलगम चोरणाऱ्या मजुराचं पुढे काय व्हायचं?

१८६३ च्या इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या शेतमजुरावर एकांकिका लिहितेय. आठवड्याची मजुरी दहा शिलिंगच्या आसपास, घर मालकाचंच, आणि हा गडी कामावरून परत येताना शेतातले चार सलगम उपटून कोटाच्या खिशात टाकतो.

कायद्याचं बघून झालंय. १८६१ च्या चोरीच्या कायद्यात उभं पीक उपटणं वेगळं आणि खळ्यातल्या ढिगातून उचलणं वेगळं, उपटल्यास पहिल्या वेळी महिन्यापर्यंत कैद किंवा वीस शिलिंगपर्यंत दंड, ज्युरी वगैरे नाही, गावचे मॅजिस्ट्रेटच ठरवणार आणि ते बहुतेक जमीनदार नाहीतर पाद्री (म्हणजे न्याय कसा होणार ते आलंच!). ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टाच्या खटल्यांची साईट सुचवू नका प्लीज, ते सगळं लंडनचं. जुने पेपरही चाळले, पण त्यात नाव, माल, शिक्षा एवढंच, दोन ओळीत संपतं. सशाची शिकारही नकोय, तो विषय वेगळा.

मला अडलंय ते शिक्षेनंतरचं. सुटून आल्यावर तोच शेतकरी त्याला परत कामावर घ्यायचा का, आणि तो आत असताना बायकापोरांना मालकाच्या घरात राहू द्यायचे की थेट वर्कहाऊस (निराधारांना ठेवून काम करून घेणारं सरकारी घर)? एखादी खरी केस किंवा मजुराची आठवण कुणाच्या वाचनात आहे का?